थेंबे थेंबे हार्डनेस

पाण्यात काहीतरी विरघळलेलं असतं आणि ते आपलं ऐकत नाही, हे मराठी घराला तुरीच्या डाळीनं फार पूर्वी शिकवलं आहे. बोअरच्या पाण्यात कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येते, चहावर तपकिरी साय धरते, अंगाला लावलेला साबण फेस व्हायचं सोडून चिकट साका होऊन बसतो, आणि गीझर दुरुस्तीला उघडला की कॉइलच्या जागी चुन्याचा गोळा निघतो. रोजचा एवढा पुरावा समोर असून या घरात पाण्याच्या हार्डनेसवर कौटुंबिक बैठक भरल्याचं ऐकिवात नाही. डाळीत चिमूटभर सोडा पडतो, बादलीला लिंबाची साल चोळली जाते आणि संसार पुढे चालतो. मग एक दिवस हॉलमध्ये शंभर लिटरचा काचेचा टँक येतो, त्यात हिरवी रोपं लागतात, दहा-बारा निऑन टेट्रा सोडले जातात, आणि ज्या पाण्यावर घरातल्या तीन पिढ्या वाढल्या ते पाणी एकाएकी आजारी ठरतं. दुकानातून बाटल्या येऊ लागतात. एक पीएच उतरवणारी, एक चढवणारी, एक पाणी मऊ करणारी आणि एक या तिघींनी केलेलं निस्तरणारी. माझं म्हणणं एवढंच आहे, की प्लँटेड टँकच्या पाण्याचा हार्डनेस अवश्य मोजावा. मात्र या मोजणीनं पाण्याचं फारसं काही भलं होत नसतं. तिचा खरा उपयोग मालकाचा शिवशिवणारा हात जागच्या जागी थांबवण्यासाठी असतो.

हे पटायला आधी आरोपीची ओळख परेड घ्यावी लागेल. हार्डनेस या एका नावाखाली दोन निराळे इसम वावरतात आणि निम्मा गोंधळ त्या दोघांना एकच समजल्यानं होतो. पहिला जीएच, म्हणजे जनरल हार्डनेस. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती आहे याचा हिशेब. डाळ न शिजण्याचा गुन्हा याच्या नावावर. दुसरा केएच, म्हणजे कार्बोनेट हार्डनेस. पाण्यात बायकार्बोनेट किती, आणि म्हणून आम्ल आलं तर ते पचवायची पाण्याची ताकद किती, याचा हिशेब. हे दोघे बहुधा जोडीनं सापडतात, पण फारकतही होऊ शकते. खाण्याचा सोडा टाकला तर एकटा केएच वाढतो, एप्सम सॉल्ट टाकलं तर एकटा जीएच. दोघांनाही मोजायचं ते डिग्रीत, आणि ही डिग्री जर्मन आहे. लिटरमागे 17.85 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका हार्डनेस म्हणजे 1 जर्मन डिग्री. फ्रेंचांनी आपली डिग्री सुटसुटीत 10 मिलिग्रॅमची ठेवली, तर इंग्रजांनी गॅलनमागे एक ग्रेन असा आपल्या स्वभावाला शोभेलसा हिशेब धरून ती 14.25 मिलिग्रॅमची केली. ऱ्हाइन नदी जिथे फ्रान्स आणि जर्मनीच्या मधून वाहते, तिथे एकच पाणी एका काठावर 18 आणि दुसऱ्या काठावर 10 डिग्रीचं असू शकतं, आणि नदीला त्याचा पत्ताही नसतो. फिश टँकच्या जगात जर्मनांचं चाललं. त्यांच्या मापानं आपला हिशेब लावून पाहावा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, 2012च्या आवृत्तीत लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा हार्डनेस स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600पर्यंत चालवून घेतं. जर्मन डिग्रीत हे आकडे झाले साधारण 11 आणि 34. म्हणजे टँकमध्ये 12 डिग्री दिसताच जो गृहस्थ घाबरून बाटलीचं झाकण उघडतो, त्याची स्वतःची वरची सरकारी मर्यादा अजून बरीच लांब असते.

आता हा आकडा ठरवतो कोण? महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट गोळा करत खाली जातं. म्हणून बोअरचं पाणी जड. तेच पावसाचं पाणी सह्याद्रीच्या कुशीतल्या धरणात साठलं, तर कातळाशी नीट ओळख व्हायच्या आतच पाइपात शिरतं. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी पिणारी मुंबई म्हणूनच मऊ पाण्याची धनी आहे. कोकणातल्या जांभ्यामधलं विरघळण्याजोगं बरंचसं युगानुयुगांच्या पावसानं आधीच समुद्राला नेऊन दिलेलं असल्यामुळे तिथल्या विहिरीही सहसा मवाळ. थोडक्यात, आपल्या टँकच्या हार्डनेसचा निर्णय साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यानं घेतलेला आहे आणि त्यावर अडीचशे मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीनं अपील करायला आपण निघालेलो असतो. या निकालात एकच पोटकलम लक्षात ठेवण्यासारखं आहे. शहराच्या वाढत्या उपनगरांत सोसायटीच्या एकाच टाकीत धरणाचं पाणी, बोअरचं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी एकत्र नांदतं. तिथे आकडा ऋतूप्रमाणे उड्या मारतो, आणि उड्या मारणारा आकडा मोठ्या आकड्यापेक्षा वाईट. मासे 15 डिग्रीत रमतात. सोमवारी 6 आणि गुरुवारी 15 झाली की त्यांची तारांबळ उडते. मोजायचं ते मुख्यतः यासाठी.

मोजण्याची क्रिया इतकी सोपी आहे की तिच्यात चुकायला थोडी प्रतिभा लागते. पाच मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलेली काचेची कुपी घ्यायची, औषधाची बाटली सरळ उलटी धरायची आणि एकेक थेंब टाकत, कुपी हलवत, मोजत जायचं. केएचच्या कुपीत पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं आणि ज्या थेंबाला ते पिवळं होतं तितकी डिग्री. जीएचच्या कुपीत नारिंगी किंवा लालसर रंग हिरव्यावर गेला की थांबायचं. यात खरी कसोटी लागते ती शेवटच्या दोन थेंबांत, कारण रंग एकदम बदलत नाही. आधी तो विचारात पडतो. कुपी पांढऱ्या कागदावर धरली तर हिरवट, ट्यूबलाइटसमोर धरली तर करडी, आणि बायकोला दाखवली तर ‘मळकट’. मुलगा म्हणतो झाला हिरवा, आजी म्हणतात हा शेवाळी. तेवढ्यात फोन वाजतो आणि सात झाले होते की आठ, हे कायमचं इतिहासजमा होतं. यावर उपाय साधा आहे. पाचऐवजी दहा मिलिलिटर पाणी घ्यावं, म्हणजे प्रत्येक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो आणि एखादा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. बाटली तिरकी धरू नये, थेंब लहानमोठे पडतात. बाटलीवरची मुदत संपलेली नाही एवढं पाहावं. आणि सात की आठ या वादात घर दुभंगू देऊ नये, कारण तो फरक ओळखणारं रोप अजून उगवायचं आहे. थेंबांची ही युक्ती येण्याआधी, 19व्या शतकात, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं पाण्यात साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून, टिकाऊ फेस येईपर्यंत किती लागलं यावरून हार्डनेस काढायची पद्धत रूढ केली. हा प्रयोग बोअरच्या पाण्यावर आंघोळ करणारा प्रत्येक मराठी माणूस रोज सकाळी करतो. तो नोंद ठेवत नाही, एवढंच.

इतकं सोपं किट असताना बहुतेक घरांत हार्डनेस मोजला जातो तो टीडीएस मीटरनं, कारण तो पेनासारखा खिशाला लावता येतो आणि त्यावर आकडे उमटतात. हा मीटर आपल्याकडे आला तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांच्या बॅगेतून. दोन ग्लास, विजेच्या दांड्या, पाहता पाहता तपकिरी होणारं नळाचं पाणी आणि गृहिणीचा पांढरा पडलेला चेहरा, असा त्याच बॅगेतला दुसरा खेळ असायचा. तो तपकिरी रंग दांड्यांच्या लोखंडाचा असतो आणि पाण्यात जितके क्षार जास्त तितकी वीज जास्त वाहून तो गडद होतो, हे सांगायचा रिवाज नव्हता. टीडीएस मीटरही फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतो. ते क्षार कोणते, हे त्याला सांगता येत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी टीडीएसचा आकडा भरभक्कम दाखवील, पण त्यातला मोठा वाटा साध्या मिठाचा असेल. बाथरूमला बसवतात त्या सॉफ्टनरची तर याहून मोठी गंमत आहे. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेतो आणि मोबदल्यात सोडियम देतो. पाण्याचा जीएच शून्यावर येतो, टीडीएस जवळपास होता तिथेच राहतो. साबणाला छान फेस येतो आणि रोपांना हवं होतं नेमकं तेच गेलेलं असतं. टीडीएस मीटर निरुपयोगी नाही. आपलं पाणी कालच्यासारखंच आहे का, एवढं तो चटकन सांगतो. पण त्याच्याकडून हार्डनेस काढून घेणं म्हणजे वजनकाट्यावर उभं राहून रक्तगट विचारणं झालं.

टीडीएसनंतरचा मोह पीएचचा, आणि खरा नाट्यप्रवेश इथे सुरू होतो. कुठेतरी वाचलेलं असतं की निऑनला पीएच 6.5 लागतो. आपल्याकडे भरतो 7.8. म्हणून पीएच उतरवणारी बाटली येते. तिच्यात असतं आम्ल. ते टँकमध्ये पडलं की बायकार्बोनेट त्याला गाठून त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. पीएच खाली जातो, मालक खूश होऊन झोपतो. रात्रीतून तो कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि सकाळी पीएच पुन्हा 7.8च्या आसपास. मालकाला वाटतं, डोस कमी पडला. दुसरी रात्र, दुसरा डोस. तिसरी रात्र, तिसरा. वर आकडा जागचा हलत नाही, पण आत दर डोसाला थोडाथोडा केएच खर्च होत असतो. अखेर एका रात्री केएच संपतो आणि नेहमीच्याच मापानं टाकलेलं आम्ल अडवायला कुणी उरत नाही. पीएच धाडकन कोसळतो, सकाळी मासे पृष्ठभागावर आडवे. निदान होतं, ‘आपल्याकडचं पाणीच खराब.’ रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण ज्यानं केली त्याला पखाल ठाऊक होती, पण औषधानं रेडा मेल्यावर दोष पखालीतल्या पाण्याला देण्याइतकी प्रगती त्यानं पाहिली नव्हती. बाटली फॉस्फेटची असली तर शेवाळाची मेजवानी वेगळीच. ज्याला रसायन नको असतं तो नैसर्गिक उपायाकडे वळतो आणि बदामाची वाळकी पानं आणतो. रस्त्याकडेच्या झाडाखालून सफाई कामगार जी पानं रोज झाडून नेतो, तीच दुकानात पाकिटात घालून मिळतात. त्यांतलं टॅनिन मऊ पाण्याचा पीएच थोडा खाली आणतं, हे खरं. 10 डिग्री केएचच्या पाण्यात मात्र पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो आणि पीएच ढिम्म हलत नाही. सुरुवातीलाच केएच मोजला असता तर या सगळ्याची गरज पडली नसती. दहा थेंब पडले की समजावं, हे पाणी आम्लाला दाद देणार नाही, बाटलीचे पैसे वाचले.

दुसरीकडे, टँकचा हार्डनेस सचोटीनं वाढवत नेण्याचं कामही मालकच करत असतो आणि त्याची त्याला दाद नसते. नळाचा जीएच 8 आणि टँकचा 18 असेल तर मधले 10 कुठून आले, हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. टँकमध्ये डोकावलं की पुरे. तळाला पांढरेशुभ्र संगमरवरी खडे, कोपऱ्यात गणपतीपुळ्याहून आणलेले शंखशिंपले, मध्यभागी डोंगर म्हणून उभा केलेला महागडा सेइर्यू दगड. यांतला प्रत्येकजण कमीअधिक कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला, म्हणजे गीझरच्या कॉइलवर बसतो त्याच पदार्थाचा. फक्त कॉइलवर त्याला शिव्या मिळतात आणि टँकमध्ये त्याच्यावर स्पॉटलाइट पडतो. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या किंचित आम्लधर्मी पाण्यात तो विरघळत राहतो. दगड टँकमध्ये टाकण्याआधी त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत. फसफसला तर तो शोकेसमध्ये ठेवावा. दुसरा छुपा मार्ग बाष्पीभवनाचा. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात आणि काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी किनार काढून आपण राहिल्याची सही करतात. समजा, शंभर लिटरच्या टँकमधून आठवड्याला पाच लिटर पाणी उडतं आणि मालक 15 डिग्रीचं पाणी घालून टँक पुन्हा काठोकाठ भरतो, पण जुनं पाणी काढत मात्र नाही. दर आठवड्याला पाऊण डिग्री जमा. तीन महिन्यांत 15 डिग्रीचं पाणी 24 डिग्रीचं होतं, आणि हा सगळा काळ मालक सगळ्यांना सांगत असतो की मी पाण्याची फार काळजी घेतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या, म्हणजे क्षार गाळून काढलेल्या, पाण्यानं घालावी आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा जुनं पाणी काढून नवं भरावं, इतकं केलं की हा चढता आलेख आपोआप थांबतो. बाटली इथेही लागत नाही.

पण जड पाण्यात रोपं वाढतील का? या शंकेचं उत्तर आपण सगळ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहून ठेवलं आहे. उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिलाच्या काड्या, वर परीक्षानळी, उन्हात बुडबुडे. बुडबुडे मंद झाले की बाई पाण्यात चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट घालायच्या आणि बुडबुडे वाढायचे. म्हणजे त्या केएचच वाढवत होत्या, आणि हायड्रिलाची त्याबद्दल तक्रार नव्हती. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. काम झालं की त्यांच्या पानांवर चुन्याची खरबरीत पापुद्री बसते. ज्या पांढऱ्या खवल्यांना मालक रोग समजून औषध शोधतो, ते त्या रोपाच्या कामाचं हजेरीपत्रक असतं. जड पाण्यात एक अडचण मात्र खरी आहे. पीएच वाढला की लोह रोपाला मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी फुटतात. त्याला उपाय म्हणजे चढ्या पीएचमध्येही टिकणाऱ्या प्रकारचं लोहखत. पाणी बदलायची गरज नाही. बाकी रोपं खुरटतात ती बहुतेक वेळा प्रकाश, कार्बन डायऑक्साइड किंवा खत कमीजास्त झाल्यानं. पण प्रकाश आपण विकत आणलेला असतो आणि पाणी महापालिकेचं असतं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइडचा अंदाज घ्यायलाही केएचच उपयोगी पडतो. टँकमध्ये काचेचा जो छोटा लोलक लटकवतात त्यात 4 डिग्री केएचचं तयार पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब घालतात. तो निळा दिसला तर वायू कमी, हिरवा तर लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम, पिवळा तर जास्त. त्यात टँकचंच पाणी भरून वर्षभर निळ्या रंगाकडे पाहत सिलिंडर उघडत राहणारे लोक आहेत. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतात आणि लोलक निळाच असतो.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. काही रोपांना आणि माशांना मऊ पाणीच लागतं, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. निऑन आणि डिस्कस अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, जिथल्या कित्येक ओढ्यांत हार्डनेस जवळजवळ नसतोच. दूर कशाला, सातारा भागातल्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणारा आपला वायतुरा जांभ्यावर साठलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो. पण बाजारात मिळणारे बहुतेक निऑन पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेले असतात आणि मध्यम जड पाण्यात आनंदानं जगतात; मऊ पाणी त्यांना मुख्यतः अंडी उबण्यासाठी लागतं, आणि हॉलमध्ये टीव्हीसमोर तो विचार त्यांच्या मनात सहसा येत नाही. तरीही कुणाला मऊ पाण्याचाच टँक करायचा असेल तर त्याला मार्ग आहे, आणि तो सरळ गणिताचा आहे. नळाचं पाणी 16 डिग्री, आरओचं जवळपास शून्य. अर्धं-अर्धं मिसळलं की 8. तीन भाग आरओ, एक भाग नळ केलं की 4. दर आठवड्याला तेच प्रमाण, तीच बादली. पाणी उकळूनही हार्डनेस उतरतो, पण फक्त बायकार्बोनेटचा. सल्फेट, क्लोराइडचा तसाच राहतो, आणि शंभर लिटर पाणी गॅसवर उकळायला ठेवणाऱ्याला घरात जे ऐकावं लागतं त्याचा हार्डनेस कोणत्याच किटमध्ये मोजता येत नाही. या मार्गांत एक गोष्ट समान आहे. पाण्यातून काहीतरी खरोखर काढलं जातं, किंवा ज्यात ते नाही असं पाणी मिसळलं जातं. बाटलीतून टँकमध्ये आणखी काहीतरी ओतून त्यातला जीएच कमी होईल, ही अपेक्षा रसायनशास्त्राकडून फार लाडात वाढलेली माणसंच करू जाणोत.

मग सगळंच पाणी आरओचं का नको, असं विचारणारे आक्षेपक अधिक उत्साही असतात. कारण आरओच्या पाण्यात केएच नसतो. टँकमधले जिवाणू माशांनी बाहेर टाकलेल्या अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि दर 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण 7 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी पचनशक्ती पाण्यातून खर्च होते. ज्या पाण्यात ती मुळातच नाही, त्यात पीएच घसरत जातो आणि ज्या जिवाणूंच्या भरवशावर टँक चालतो ते मंदावतात. घरातली कडू बोलणी गिळून शांतता राखणारी आत्याबाई गावाला गेली की जे होतं, तेच केएच शून्य झाल्यावर टँकमध्ये होतं. ती असते तेव्हा तिची कुणी दखल घेत नाही. शिवाय रोपांना कॅल्शियम, मॅग्नेशियम खाण्यासाठी लागतं. म्हणून आरओवाले काय करतात, तर हजारोंचं यंत्र लावून पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढतात आणि मग त्याच दुकानातून कॅल्शियम, मॅग्नेशियमची पावडर आणून पाण्यात घालतात. नेमक्या प्रमाणाचा ध्यास असलेल्या आणि नाजूक कोळंबी पाळणाऱ्या माणसाला हे शोभतं. बाकीच्यांनी यंत्राच्या मागच्या नळीकडेही पाहावं. घरगुती आरओ जितकं पाणी देतो त्याहून जास्त पाणी बहुतेक वेळा मोरीत सोडतो, आणि ज्या भागात टीडीएस 500च्या आत आहे तिथे आरओ वापरण्यावर बंदी आणण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादानं 2019मध्ये सरकारला दिले होते. काटकसरी लोकांना मोरीत जाणारं हे पाणी टँकमध्ये घालायची कल्पना सुचते. झाडांना घालावं की नाही यावर वाद होऊ शकेल. टँकच्या बाबतीत होऊ नये, कारण गाळून काढलेलं सगळं त्यातच असतं.

शेवटचा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आमच्या वेळी कुणी काही मोजत नव्हतं, तरी मासे जगायचे. जगायचे, कारण ते गप्पी होते. गप्पी, मोली हे जड पाणी मानवणारे मासे. महापालिकेचे मलेरिया विभाग डासांच्या अळ्या खायला गप्पी विहिरीत, हौदात, डबक्यात सोडतात, आणि तिथे तग धरणाऱ्या माशाला हॉलमधला टँक म्हणजे हवापालटच. त्या काळच्या टँकमध्ये रोपं प्लास्टिकची होती, तळाला निळे-गुलाबी खडे होते आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या होता. यांपैकी कुणालाच केएचशी देणंघेणं नव्हतं. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप माझ्याच बाजूनं साक्ष देतो. त्या मंडळींचे मासे जगले कारण त्यांनी नकळत पाण्याला सोसणारे मासे निवडले आणि पाण्याशी झटापट केली नाही. आपल्याला तेच समजून-उमजून करायचं आहे. जड पाणी असेल तर व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, बऱ्याचशा क्रिप्टोकोरिन, गप्पी, मोली. मऊ पाणी असेल तर लाल रोटाला, निऑन, आणि गरज पडली तर केएच थोडा वर आणायला खाण्याचा सोडा. तोही शंभर लिटरला 3 ग्रॅम टाकला की केएच 1 डिग्री वाढतो, म्हणजे डाळीतल्या चिमटीच्या पुढे, पण चमच्याच्या आत. पाण्याप्रमाणे बाग निवडली की पाण्याविरुद्ध उभं राहायची वेळच येत नाही.

तेव्हा टँक भरण्याआधी नळाचा जीएच आणि केएच मोजावा, भरल्यावर आठवड्यानं टँकचा मोजावा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून टँकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावेत. दोहोंत फार अंतर पडलं तर दगड-शिंपल्यांची उलटतपासणी घ्यावी. टँकर सुरू झाले, बोअर बदलली किंवा नवा दगड आला की पुन्हा मोजावं. एरवी किट कपाटात राहू द्यावं. एवढ्यानं माणसाचं समाधान होत नाही, हे मान्य आहे. छंद म्हटला की हाताला चाळा हवाच. त्यासाठी कात्री घ्यावी. रोपं छाटायला कितीही वेळ दिला तरी पाण्याचं काही बिघडत नाही, आणि छाटलेल्या फांद्या शेजाऱ्याला देता येतात. सोसायटीची टाकी एकच असल्यामुळे आपल्याकडे जगलेलं रोप त्याच्याकडेही जगायला हरकत नसते. दुकानदार देऊ शकत नाही अशी ही हमी आहे. शेजारी मात्र आधी हेच विचारील, की तुम्ही पाण्यात टाकता काय? ‘काहीच नाही’ या उत्तरावर त्याचा विश्वास बसणार नाही. तुम्ही बाटलीचं नाव लपवताय असंच त्याला वाटेल. अशा वेळी वाद घालू नये. किट आणि पांढरा कागद त्याच्या हातात द्यावा, आणि सात की आठ हे त्याच्या घरच्यांना ठरवू द्यावं.